बाहेर पडणारा श्वास

नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन संपवताना पाणी एका झटक्यात तोडून चालत नाही. पाण्याचा आधार अचानक गेला की भिजलेला भराव आत ढासळतो, म्हणून पातळी हळूहळू उतरवायची. १८८५ पासून बारामती-इंदापूर भिजवणाऱ्या कालव्याचं हे गणित आजारी फुप्फुसालाही लागू पडतं, असं माझं मत आहे. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो ती मोजूनमापून. बाहेर सोडताना मात्र तो नुसती झडप उघडतो आणि फुगलेलं फुप्फुस आपल्याच ताणाने रिकामं होतं. आधी धो धो, मग बारीक धार. तळाला थोडा दाब राखतात हे खरं, पण त्याने पातळी ठरते, ओसरण्याचा वेग नाही. सुजलेले वायुकोश त्या पहिल्या ओढीत मिटू शकतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा ताणून उघडावे लागतात.

शरीराला हा ब्रेक ठाऊक आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ प्रत्येक उच्छ्वासाला कण्हतं, ते घशाची फट अर्धवट मिटून हवा अडवण्यासाठी. त्या फटीतूनच नळी घातली की ही सोय संपते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी इजा झालेल्या डुकरांच्या फुप्फुसांतून हवा संथ, एकसारख्या वेगाने बाहेर सोडून पाहिली, तेव्हा नुकसान कमी झालं. माणसांवरचे अभ्यास अजून लहान आहेत, हा आक्षेप रास्तच. पण यंत्राची रीत जीव वाचवते, हे २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर दिसलं: प्रत्येक श्वासाची हवा निम्मी केली आणि मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. चुलीच्या किंवा विडीच्या धुराने ज्याच्या श्वासनळ्या अरुंद झाल्यात, त्याची हवा मुळातच बाहेर पडत नाही. तिथे ब्रेक कशाला? असे रुग्ण ओठांचा चंबू करून श्वास सोडतात, तोही ब्रेकच, नळ्या मिटू न देणारा. फक्त त्याला वेळ लागतो. तो न देता पुढचा श्वास ढकलला तर हवा आत साठत जाते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो.

हे टाळायला नवं यंत्र घेण्याआधी जुन्याच्या पडद्याकडे बघावं. हवेच्या प्रवाहाच्या आलेखात उच्छ्वासाची रेघ शून्याखाली बुडी मारून वर येते. ती शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू होत असेल, तर मिनिटाचे श्वास कमी करायचे आणि रेघ टेकते का ते पुन्हा पाहायचं.