कोइतूर म्हणजे कोण?

चंद्रपूर-गडचिरोलीत जातीच्या दाखल्यावर ‘गोंड’ लिहितात. गोंडीत मात्र हा माणूस स्वतःला कोइतोर म्हणवतो. अनेक जण असले की कोइतूर. अर्थ विचारा, उत्तर येतं: माणूस. ‘गोंड’ हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव. तेलुगूत डोंगराला ‘कोंडा’ म्हणतात, त्यावरून ते पडलं असावं, असा एक तर्क आहे. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट आणि जपानचे ऐनू यांच्याही नावांचा अर्थ माणूसच.

पण खरी गंमत कोइतोरच्या शेपटात आहे. ‘ओर’ हा पुरुषाचा प्रत्यय. ‘तो’ म्हणायलाही गोंडीत ‘ओर’च, कुठे ‘वोर’. मग ‘ती’? त्याला ‘अद’. गाय? अद. मोहाचं झाड? तेही अद! एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाकी सगळी सृष्टी. गोंडी द्राविड कुळातली आहे, तेव्हा गडचिरोलीतल्याच सिरोंच्यात तेलुगू ऐका: तिथेही साध्या बोलण्यात पुरुषाला ‘वाडु’, बाईला आणि गाईला ‘अदि’. पण अनेकवचन आलं की तेलुगू बायकांना पुरुषांच्या रांगेत घेते, जनावरं-वस्तू वेगळ्या ठेवते. गोंडी तिथेही हटत नाही. चार बाया आल्या तरी त्या ‘अव’, चार झाडंही ‘अव’.

फिनलंडमध्ये हा घोळच नाही. तो आणि ती दोघांनाही एकच सर्वनाम, ‘हॅन’. माणसाला तिथे म्हणतात ‘इह्मिनेन’, जुन्या फिनिशमध्ये ‘इन्हिमिनेन’. बोलता बोलता नामातला ‘न’ झिजून गेला, पण त्यावरून बनलेल्या ‘इन्हिमिल्लिनेन’ या विशेषणात तो अजून ठाण मांडून आहे. शेजारच्या एस्टोनियनमध्येही ‘इनिमेने’ म्हणतात, तिथे ‘न’ शाबूत. फिनिशच्या त्या एकाच विशेषणात दोन अर्थ मावतात: हातून चूक होणं ‘इन्हिमिल्लिनेन’, आणि तहानलेल्याला पाणी देणंही. आपण पहिल्याला मानवी म्हणू, दुसऱ्याला माणुसकीचं.

गोंडीच्या ‘अद’वरून गोंड समाजात बाईला काय मान आहे, हे मात्र कुणी काढू नये. व्याकरण म्हणजे काही घरातली वागणूक नव्हे. तसं बघायला गेलं तर मराठीतही नुसतं ‘माणूस’ म्हटलं की आधी पुरुषच डोळ्यांपुढे येतो. बाईसाठी ‘बाईमाणूस’ असा जोडशब्द करावा लागतो, आणि बोलीभाषेत ते ‘चांगलं’ बाईमाणूस असतं, चक्क नपुंसकलिंगी.