टोनरची काटकसर

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर नावाची कोरडी, अतिशय बारीक पूड असते. लेझरचा किरण ड्रमवर अक्षरांची विद्युत-प्रतिमा उमटवतो. पूड त्या प्रतिमेला चिकटते, कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते.

छापील अक्षर हा बारीक ठिपक्यांचा समूह असतो. प्रिंटरच्या सेटिंगमधील ‘टोनर सेव्ह’ हा पर्याय निवडल्यास पूड कमी लागते व छपाई फिकट होते. ‘डेन्सिटी’ कमी केल्यासही टोनर वाचतो. काळ्या टोनरच्या कार्ट्रिजमधून किती पाने निघतील, हे सामान्यतः पानाचा सुमारे ५ टक्के भागच छापला जाईल असे धरून सांगितलेले असते. म्हणून ठळक मथळे व छायाचित्रे अधिक असल्यास टोनर लवकर संपतो.

मात्र या काटकसरीत तारतम्य हवे. कच्च्या प्रतीला फिकट छपाई पुरते. तरीही ती तपासताना अनुस्वार नीट पाहावेत. एक ठिपका पुसट झाला, तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते. अर्जाची अंतिम प्रत छापण्यापूर्वी सेटिंग पूर्ववत करावे. फिकट प्रतीची झेरॉक्स आणखी पुसट निघते. अर्ज वाचता न आल्याने परत आला, तर वाचलेल्या टोनरपेक्षा वाया गेलेला दिवस महाग पडतो.