गिटार सुरातून उतरते, ती कुठे?

इलेक्ट्रिक गिटार वाजवता वाजवता बेसूर झाली की पहिला संशय खुंट्यांवर जातो आणि महागड्या नव्या खुंट्या बसवल्या जातात. पण खुंटीतल्या मळसूत्री दात्यांची रचनाच अशी असते, की बोटांनी फिरवल्यावर ती सहज फिरते, मात्र तारेच्या ताणाने उलटी फिरत नाही. खरा दोष बहुधा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या पट्टीच्या, खाचेत असतो. तार ताणून सूर चढवला की खुंटीकडची थोडी तार खाचेतून पुढे सरकते. खाच अरुंद असेल तर ती तार मागे जात नाही आणि सूर उतरतो. लेस पॉल प्रकारच्या गिटारचे डोके साधारण 14 ते 17 अंश मागे झुकलेले असते, शिवाय मधल्या तारा नटपाशी बाहेर वळतात. म्हणूनच तिथे तिसरी तार सर्वाधिक छळते.

परीक्षा सोपी आहे. उतरलेली तार नटच्या मागे बोटाने दाबून सोडावी. सूर पुन्हा चढला, तर तार खाचेतच अडकत होती. खाच तारेच्या जाडीनुसार जपून घासावी, तिच्यात पेन्सिलीचे शिसे भरावे. ‘नव्या खुंट्यांनी आमचा त्रास गेला,’ असे काही जण सांगतात. मात्र खुंट्यांबरोबर बहुधा ताराही नव्या, नीट गुंडाळून बसवलेल्या असतात. श्रेय त्यांचेही असते. हवामानाने लाकूड हलते हे खरे, पण तो बदल सावकाश होतो. एका गाण्यात एकच तार उतरली, तर आधी नट तपासावा.