उतारवयाची वाट (लेखांक ९) : ओरडू नका, समोर या

श्रावणात खानदेशात कानबाई देवीचे रोट असतात तेव्हा पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेले भाऊबंद गावी जमतात. घर माणसांनी भरून जातं. त्या गर्दीत घरातले म्हातारे आप्पा भिंतीला टेकून गप्प बसलेले असतात. सगळे हसले की हसतात, कुणी काही विचारलं की नुसती मान हलवतात. सुना म्हणतात, ‘आप्पांना आता ऐकूच येत नाही.’ आप्पांना विचारलं तर ते सांगतील, ‘ऐकू ते येस, पन समजस नही.’ त्यांचं निदान अचूक आहे.

आतल्या कानात शंखाकृती अवयव असतो. त्यातल्या हजारो सूक्ष्म रोमपेशी आवाज टिपून मेंदूकडे पाठवतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी वयानुसार आधी मरतात आणि मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले, भरदार असतात. स, श, त, थ, फ ही व्यंजनं उंच पट्टीची आणि दुबळी. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. कापसाला सहा हजार मिळाले की दहा हजार, हे आप्पांना अंदाजाने ठरवावं लागतं. दिवसभर असा अंदाज बांधून माणूस थकतो आणि मग गप्प बसणं पत्करतो.

आपण ओरडतो तेव्हा स्वर आणखी मोठे होतात, गळालेली व्यंजनं काही परत येत नाहीत. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकदम बोचतो. हळू बोललेलं कळत नाही आणि जोरात बोललं की ‘ओरडतोस कशाला?’ यावरून घरचे म्हणतात, ‘यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ म्हाताऱ्या माणसावर याहून मोठा अन्याय नाही.

वय हे एकच कारण नसतं. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढले की कान झिजतो. धुळ्याचे यंत्रमाग, अमळनेरची प्रताप मिल, भुसावळचं रेल्वे शेड इथे ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांचे कान लवकर जातात. मधुमेह आणि तंबाखूही भर घालतात.

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो आणि घराघरात कूलर घरघरू लागतो. डोळस माणसाला अंधारात बसवावं, तसा हा आवाज कमजोर कानाला असतो. महत्त्वाचं बोलायचं असेल तर दोन मिनिटं कूलर आणि टीव्ही बंद करा. आधी हाक मारा, समोर या, चेहऱ्यावर उजेड पडू द्या, कारण बरंचसं बोलणं ओठांवरून कळतं. स्वयंपाकघरातून बोलू नका. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. विषय आधी सांगा: ‘आप्पा, दवाखान्याचं बोलतेय, उद्या सकाळी जायचंय.’ आणि ‘जाऊ द्या, काही नाही’ असं कधीही म्हणू नका. घरात अहिराणी असेल तर अहिराणीतच बोला. जन्मभर कानावर पडलेल्या बोलीत सुटलेला शब्द मन लवकर भरून काढतं.

कानात कोमट तेल सोडायची आपली जुनी सवय सोडावी. पडदा फाटलेला असेल तर ते महागात पडतं. साधा मळही बहिरेपण आणतो, म्हणून आधी कान तपासून घ्या. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा, श्रवण तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र त्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे बसवून घ्यावं. बाजारातलं स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवतं. यंत्र मिळाल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही नकोसा वाटतो, तेव्हा सुरुवात शांत खोलीत, थोडा-थोडा वेळ करावी. अनेक यंत्रं या सुरुवातीच्या दिवसांतच डब्यात जातात. ती डब्यात जाऊ न देणं, हे घरच्यांचं काम.

पैशाची अडचण खरी आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३००० रुपये मिळतात. चांगल्या डिजिटल यंत्राला ते पुरत नाहीत, पण हातभार लागतो. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना यंत्रच मोफत मिळतं.

म्हातारपणाचं बहिरेपण दोन्ही कानांत, हळूहळू येतं. एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू येईनासं झालं तर ते वयामुळे नाही. उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात. रविवार असो की लगीनघाई, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.