आरसी बुकात एक, ब्लॉकवर दुसरं

सकाळी ८. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथची घरघर सुरू व्हायच्या आत गॅरेज उघडलं की डोकं लावायची कामं नीट होतात. आज समोर युद्धकाळातली जीप आहे. मालक आबा शिरोळकडचे ऊसबागायतदार. वडिलांनी घेतलेली ही गाडी त्यांना 'व्हीए' मालिकेत, म्हणजे व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. इंजिन बदललेलं आहे अशी आबांना शंका आहेच. ते कुठलं, हे आज ठरवायचं.

साडेआठ. इंजिनाआधी चेसिस. पुढचा आडवा दांडा विलीजच्या जीपला गोल नळीचा असतो, फोर्डच्या जीपला उपड्या 'यू'सारखा. इथे उपडा यू. घरात सगळे विलीज म्हणत आले, पण ही फोर्ड जीपीडब्ल्यू आहे. विलीजच्याच नकाशांवरून फोर्डने युद्धात पावणेतीन लाखांहून जास्त जीपा बांधल्या. फोर्डची एक सवय आपल्या फार उपयोगाची: इंजिनाचाच क्रमांक ते चेसिसच्या डाव्या दांड्यावर मारत. विलीजचे दोन क्रमांक वेगवेगळे असत. दांडा घासल्यावर उमटलेला क्रमांक आरसी बुकातल्या इंजिन क्रमांकाशी तंतोतंत जुळला.

दहा. आता ब्लॉक. उजव्या बाजूला, पुढे पाण्याच्या पंपाजवळ क्रमांकाचा उठावदार चौथरा असतो. त्यावर रंगाचे थर आणि ग्रीसचा राप. इथे घाई करायची नाही. रॉकेल, चिंधी, पितळी ब्रश, मग पुन्हा रॉकेल. शेवटी खडू चोळला आणि बॅटरीचा उजेड तिरका धरला. 'जे' अक्षर, पुढे एक लाख नव्वद हजारांच्या घरातला आकडा. 'जे' म्हणजे सीजे-२ए, १९४५ ते १९४९ या काळात विलीजने नागरिकांसाठी बांधलेली जीप.

पण पंच कुणीही मारू शकतो. ठशावर विसंबून निकाल द्यायला माझं मन घेत नाही. क्रमांकाशी संबंध नसलेला दुसरा पुरावा हवा.

बारा. आमचा पोऱ्या व्हर्नियर घेऊन आला. त्याला समजावलं, या घराण्यात मापांनी काही कळत नाही. युद्धातलं इंजिन, सीजे-२ए, पुढची ३ए, इतकंच काय, महिंद्राच्या जीपमधलं हरिकेनसुद्धा, सगळ्यांचा बोअर ३ १/८ इंच आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच, म्हणजे २१९९ सीसी. हरिकेन तेवढं हेडवरून ओळखू येतं, कारण त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. इथे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच आहेत.

जेवण.

दुपारी २. रेडिएटर आधीच उतरवलेला होता. पुली ओढली, टायमिंग कव्हर काढलं. युद्धातल्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीवर फिरतो. सीजे-२एमध्ये जे-१७५४०२ या क्रमांकापासून साखळी जाऊन गिअर आले. साखळीवर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलटा, म्हणून ऑइल पंपही वेगळा लागतो. कव्हरमागे गिअर निघाले. पंपही गिअरवाल्या इंजिनाचाच. क्रमांक जे सांगतो तेच आतलं लोखंड सांगतंय. डायनॅमोच्या ब्रॅकेटच्या बोल्टांवर मात्र फोर्डचा 'एफ' आहे. मिस्त्रीने इंजिन बदलताना जुने बोल्ट जपून परत लावले होते. त्या अनोळखी माणसाबद्दल मला आदर वाटला.

साडेचार. आबा पुतण्याला घेऊन आले. सगळं दाखवलं. पुतण्या म्हणाला, "काका, आरसीतला नंबरच ब्लॉकवर मारून घेऊया की. कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो. "ते खोटं काम आहे. आणि या इंजिनाचा खरा जन्म एकदा घासून टाकला की तो कुणालाच परत सापडणार नाही."

आबा म्हणाले, "लिहा तुम्ही खरं काय ते. व्हीए मिळू दे, न मिळू दे."

सहा. अहवाल लिहिला: चेसिस फोर्ड जीपीडब्ल्यू, इंजिन मूळ नव्हे, सीजे-२एचं, गिअरवालं. सोबत ठशाचे, गिअरांचे आणि दांड्याचे फोटो. निर्णय आरटीओचा.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर ती रंगाला देण्याआधी ब्लॉकवरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, आणि त्या चौथऱ्याला ग्राइंडर लावू देऊ नका.