बाजारपेठेचा रस्ता रुंद करू नका

मालवणात भरड नाक्यावरून बंदराकडे जाणारी बाजारपेठ मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्यांना अडचणीची वाटते. समोरून मालाचा टेम्पो आला की रिक्षा दुकानाच्या पायरीला लागून उभी राहते, स्कूटरवाला एक पाय खाली टेकतो आणि मासळीची पाटी घेतलेली बाई दोघांच्या मधून पुढे निघून जाते. सगळे एकमेकांकडे बघून चालतात. माझ्या मते सिंधुदुर्गातला हा सर्वांत शहाणा रस्ता आहे. युरोपातल्या एका अभियंत्याने जन्मभर खटपट करून जे साधले, ते इथे कुणी न आखताच होऊन बसले आहे.

हान्स मॉन्डरमन (१९४५–२००८) हे त्यांचे नाव. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलँड प्रांतात रस्ता सुरक्षेचे काम त्यांच्याकडे होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आउदहास्के या खेड्यातून गाड्या भरधाव जातात, अशी तक्रार आली. गतिरोधक आणि अडथळे घालायला पैसा नव्हता. मॉन्डरमन यांनी होत्या त्या पाट्या आणि खांबसुद्धा काढले, रस्ता आणि कडेची जागा यांच्यातला फरक पुसला आणि गावातून जाणारा रस्ता गावासारखा दिसू दिला. गाड्यांचा वेग चाळीस टक्क्यांहून जास्त उतरला. खुद्द त्यांनाही इतक्या फरकाची अपेक्षा नव्हती.

द्राख्तन या छोट्या शहरातला लावैप्लाइन चौक हे त्यांचे गाजलेले काम. दिवसाला सुमारे २२ हजार वाहने, शिवाय सायकली आणि पायी माणसे. तिथले सिग्नल त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला काढून टाकले. हिरवळीचे वर्तुळ, कारंजी आणि चहूबाजूंनी मोकळी जागा एवढेच ठेवले. अपघात घटले, चौक ओलांडायचा वेळही घटला. पाहायला आलेल्या पत्रकारांसमोर मॉन्डरमन बोलता बोलता पाठमोरे रस्त्यात चालत जात, आणि गाड्या हळू होऊन त्यांना वाट देत. हे दृश्य अनेकांना धाडसी वाटते. मला ते बाजारपेठेतल्या रोजच्या व्यवहारासारखे वाटते.

डच लोकांना हे शहाणपण सुखासुखी आले नाही. १९७१ या एका वर्षात तिथे ३,२०० हून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेच्या वर लहान मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. डेल्फ्टमध्ये रहिवाशांनी गल्ल्यांत झाडे, बाक आणि वळणे आणून गाड्यांना पायी चालीवर आणले होतेच. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याचा आधार मिळाला आणि तिथे चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायचा हक्क आला. डचांचा विषय निघाला की मला वेंगुर्ले आठवतेच. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे वखार घातली, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. तिथल्या जाड भिंती पाहून बाहेर आलो की वेंगुर्ल्याच्या बाजारातून पायी फिरायचे, हा माझा नेम आहे. त्या बाजाराचीही चाल मालवणसारखीच.

आपल्याकडेही थोडी सुरुवात झाली आहे. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण केले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांविना ठेवून पाहिला.

आता मालवणच्या बाजारपेठेकडे वळू. हा रस्ता गाडीला हळू का करतो? सरळ लांबवर दिसत नाही, हे पहिले कारण. पुढे वाकण आहे, त्यापलीकडे काय असेल ते कळत नाही, म्हणून पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. दुकानांच्या पायऱ्या थेट रस्त्याला भिडतात. कोकम, काजू, खाजे घ्यायला उभे असलेले गिऱ्हाईक कधीही मागे सरकेल, हे चालवणाऱ्याला ठाऊक असते. आळीतून येणारी वाट काटकोनात मिळते, त्यामुळे वळताना गाडी जवळजवळ थांबतेच. रुंद नाक्यांवर कोपरा गोल करून देतात, तिथे मोटारसायकल न थांबता वळते आणि वळता वळता ठोकते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसतो. त्या वेगात माणूस माणसाला ओळखतो. एकदा एका पाहुण्या गाडीने हॉर्नवर हात ठेवला, तेव्हा टोपलीमागे बसलेल्या बाईने तिथूनच सुनावले, "ओ दादानु, बाजार आसा हो, हायवे न्हय!" हॉर्न बंद झाला.

वेगाचे गणित सोपे आहे. ताशी ३० किलोमीटरला गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडी जास्त जाते, ५० ला जवळजवळ चौदा. माणूस दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी साधारण १३ मीटरांत उभी राहते, दुसरीला २८ मीटर लागतात. बाजारात २८ मीटर मोकळे कुठेच नसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही, जिथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तिथे कमाल ३० ही मर्यादा मांडली आहे.

हा रस्ता पुरता खुलतो तो दिवाळीच्या पाडव्याला. रामेश्वर-नारायणाची पालखी देऊळवाड्यातून निघून गावाला फेरी घालते आणि बाजारपेठेत येते. दुकानांपुढे रांगोळ्या, आरत्या घेतलेल्या बायका, मुंबईहून आलेले चाकरमानी, कडेवरची पोरे. तेवढ्या वेळात गाडी हा पाहुणा असतो. दुसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा येतात, पण रस्ता कुणाचा हे गावाला कळलेले असते. नारळी पौर्णिमेला बंदराकडे नारळ नेतात तेव्हाही तेच.

उलट उदाहरण पाहायचे तर तारकर्लीवरून देवबागकडे जा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधली चिंचोळी पट्टी आणि माडांच्या सावलीतला एकच रस्ता. दोन्हीकडे घरे, अंगणे, वाळत घातलेली जाळी. जिथे डांबर गुळगुळीत आणि सरळ आहे, तिथे सुट्टीतल्या गाड्या महामार्गासारख्या सुटतात. घरातली म्हातारी माणसे गडग्याला धरून वाट बघत उभी राहतात. तिथे आणखी एक पाटी लावून काही होणार नाही.

मॉन्डरमन यांनी महामार्गाला हात लावला नव्हता, हे विसरू नये. गाड्यांचे जग वेगळे आणि माणसांचे वेगळे, असे ते मानत. कणकवलीत महामार्ग उड्डाणपुलावरून गेला, ते योग्यच झाले. गोंधळ होतो तो महामार्गाची रुंदी आणि सरळपणा गावात आणला की.

"आपल्याकडे आधीच कुणी नियम पाळत नाही, त्यात ते कमी करायचे?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझे म्हणणे असे की पाटीवरचा नियम मोडता येतो, काटकोनातले वळण मोडता येत नाही. एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. ज्यांना दिसत नाही, त्यांना नजरेने बोलता येत नाही. ब्रिटनमध्ये अंध नागरिकांच्या संघटनांनी हे लावून धरले आणि २०१८ मध्ये सरकारने अशा सपाट, समान पातळीच्या नव्या योजना थांबवायला सांगितल्या. म्हणून मालवणात काहीही करायचे तर भिंतीलगत काठीला जाणवेल अशी खडबडीत पट्टी आणि गाडी शिरणार नाही अशी चालायची वाट हवीच.

आपल्या पावसाचाही विचार हवा. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याचा चिरा दिसायला देखणा, पण चाकाखाली झिजतो आणि आषाढात शेवाळतो. गाडीच्या वाटेवर खडबडीत काळा दगड, कडेला चिरा आणि त्यामधून झाकलेले गटार, ही रचना मला पटते. दगडावरून चाकांचा आवाज होतो आणि चालवणाऱ्याला वेग कानाने कळतो. मालाच्या गाड्या सकाळी लवकर, पर्यटकांची पार्किंगची सोय बाजाराबाहेर, आणि तिथून बंदरापर्यंत पायी. एवढे केले तर दुकानदाराचे गिऱ्हाईक घटणार नाही. चालणारा माणूस दुकानापुढे थांबतो, काच वर केलेली गाडी थांबत नाही.

तुमच्या गावाचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला, की रस्त्यांच्या रुंदीचा नकाशा आधी पाहा. बाजारावरून रुंदीकरणाची रेघ गेलेली दिसली तर मुदतीच्या आत नगरपरिषदेला लेखी कळवा की रस्ता आहे तेवढाच ठेवा, वेग २० वर आणा आणि तो पैसा दगड, गटार आणि बाहेरच्या पार्किंगवर घाला. अर्जावर दुकानदारांच्या आणि मासे विकणाऱ्या बायकांच्या सह्या घ्यायला विसरू नका.