फटाका कुठून वाजला?

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकचा पिकअप तुटणे आणि त्यातून फटाके वाजणे, या दोन तक्रारी बहुतेकदा जोडीनेच येतात. दोन्हींचे मूळ एकच असते. जे मिश्रण सिलिंडरमध्ये ठरल्या क्षणी जळून पिस्टनला खाली रेटायला हवे, ते उशिरा, अर्धवट किंवा भलत्याच जागी जळते. जितके मिश्रण बाहेर जळेल तितकी ताकद चाकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे फटाक्याचा आवाज हा रोग शोधण्याचा पहिला धागा ठरतो.

कार्बोरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट असलेले असे ट्रक भारतात एके काळी सर्रास दिसत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेल्या एक-टनी निसान ट्रकमध्येही सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. 1954 पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि मालवाहतुकीतून पेट्रोल हळूहळू मागे पडले. लष्करी लिलावातून घेतलेली आणि हौशी लोकांनी जपलेली वाहने मात्र अजूनही जुन्या गॅरेजांत येतात. त्यांना संगणक जोडून बिघाडाचा कोड वाचता येत नाही, कान, डोळे आणि दोन-चार साधी हत्यारे यांवरच निदान होते.

कामाची गती ध्यानात घेतली की चूक किती सहज होते ते कळते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 150 ठिणग्या पडतात, आणि सरळ रांगेच्या सहा सिलिंडरांत त्यांचा नेहमीचा क्रम 1-5-3-6-2-4 असा असतो. प्लग बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली, तर ते दोन सिलिंडर चुकीच्या वेळी पेटतात आणि फटाके सुरू होतात. दुरुस्तीनंतर लगेच उद्‌भवलेल्या तक्रारीत म्हणूनच सर्वांत आधी वायरींचा क्रम तपासायचा असतो.

आवाजाच्या दोन दिशा

बॉनेटखाली, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येत असेल, तर इनलेट वॉल्व्ह उघडताना सिलिंडरमध्ये आग शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की ते सावकाश जळते. पुढच्या फेरीत वॉल्व्ह उघडला तरी ज्वाळा विझलेली नसते आणि ती उलटी कार्बोरेटरकडे धावते. नीट न बसणारा इनलेट वॉल्व्ह आणि फार पुढे गेलेले टायमिंग यांनीही हेच होते. अशा वेळी एअर फिल्टर काढून ट्रक चालवणे धोक्याचे असते, कारण उलटी आलेली ज्वाळा फिल्टरच अडवतो.

मागून, सायलेन्सरमधून दणका बसत असेल, तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्ट पाइपात जाऊन तिथे पेटत आहे. प्लग मिसिंग करणे, टायमिंग मागे पडणे, मिश्रण फार दाट असणे किंवा एक्झॉस्ट वॉल्व्ह जळणे ही त्याची नेहमीची कारणे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर, उतारावरच फटाके वाजत असतील, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या किंवा पाइपाच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरते आहे का, ते आधी पाहावे.

आवाज कधी येतो, हेही तितकेच बोलके असते. फक्त चढावर, भार असताना त्रास होत असेल तर ठिणगी अशक्त आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. ट्रक थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडत असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय जातो. आयडलिंगलाही एका लयीत मिसिंग ऐकू येत असेल तर एखादा सिलिंडरच काम करत नाही. तो शोधण्यासाठी चालू इंजिनात इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढतात. चांगल्या सिलिंडरची वायर निघताच इंजिन खाली बसते, आजाऱ्याची निघाली तरी काही फरक पडत नाही.

आधी करंट

सर्व प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडले, की इंजिनाचा अर्धा इतिहास समोर येतो. टोकाला दुधाच्या चहासारखा फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट, ओला तेलकट थर म्हणजे रिंग किंवा वॉल्व्ह गाइडमधून ऑइल येते आहे, आणि पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडायची. पॉइंटमधील फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवतात, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. पॉइंट उघडणारा फायबरचा तुकडा कॅमवर घासून झिजत जातो, तसतशी फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे सरकते. कोणी काही बिघडवलेले नसताना ट्रक महिन्यागणिक सुस्तावतो, त्यामागे अनेकदा हाच इवलासा तुकडा असतो. पॉइंटची तोंडे निळसर जळलेली दिसली तर कंडेन्सरही बदलावा. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून करंट वाट सोडून पळतो आहे. वायरी तपासायला रात्रीचा अंधार उत्तम, गळणारा करंट निळ्या ठिणग्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसतो.

इंजिनाची गती वाढते तशी ठिणगी लवकर पडावी लागते. डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने गंजून अडकली, तर टायमिंग आयडलिंगला बरोबर दिसते, पण वेग वाढवताच ताकद संपते. टायमिंग लाइट लावून इंजिनाचा वेग वाढवला, की खूण पुढे सरकते की जागीच राहते, यावरून हे कळते. व्हॅक्यूमवर चालणारा पडदा फाटला आहे का, हे त्याची नळी तोंडाने ओढून पाहता येते. आतली प्लेट हलली आणि ओढ टिकून राहिली, तर पडदा शाबूत आहे.

मग पेट्रोल आणि हवा

ट्रक पंधरा-वीस किलोमीटर छान धावतो, मग धक्के देत बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो. अशा वेळी टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि ट्रक पूर्ववत झाला, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. पेट्रोल वापरले जाते, त्याच्या जागी हवा येत नाही आणि टाकीतल्या ओढीपुढे पंप थकतो. टाचणीने भोक मोकळे केले की काम भागते.

ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळून कार्बोरेटरमध्ये फटाका वाजत असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहत थ्रॉटल हलवावा. पेट्रोलची बारीक, सलग धार उडायला हवी. ती आली नाही तर ॲक्सिलरेटर पंपाचे चामडे सुकले आहे किंवा त्याचा जेट बुजला आहे. पुढे फिल्टर, त्यातले पाणी आणि फ्लोटची पातळी तपासायची. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधील गॅस्केट हवा ओढत असेल, तर तिथे साबणाचे पाणी शिंपडताच इंजिनाचा आवाज बदलतो.

आजच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. भारतात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. जुन्या कार्बोरेटरचे जेट मात्र पूर्वीच्याच मापाचे असतात, त्यामुळे मिश्रण पातळ पडते. शिवाय इथेनॉल पाणी धरते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करते.

शेवटी इंजिनाचा दाब

करंट आणि पेट्रोल ठीक असूनही तक्रार राहिली, तर व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडतात. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांवर स्थिर राहतो. दर 1000 फुटांच्या उंचीला तो सुमारे एक इंचाने उतरतो, म्हणजे महाबळेश्वरला चार-साडेचार इंच कमी दिसला तर तो दोष नव्हे. काटा ठरावीक अंतराने झटका देत असेल तर एखादा वॉल्व्ह जळला आहे. वेग वाढवून धरल्यावर काटा हळूहळू घसरत गेला, तर सायलेन्सर आतून चोंदला आहे आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही.

कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, जैसे थे राहिला तर वॉल्व्ह गळतो आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट उडाले असण्याची शक्यता मोठी. टॅपेटची टकटक कानाला त्रास देते, पण जास्त नुकसान घट्ट टॅपेट करतो. तो आवाज न करता वॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो आणि जाळून टाकतो.

ताकद इंजिनाबाहेरही हरवते. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. थोडे अंतर चालवून थांबल्यावर एखाद्या चाकाचा हब इतरांपेक्षा बराच गरम लागला, तर तिथला ब्रेक चिकटला आहे.

डिझेल ट्रकमध्ये ठिणगी आणि कार्बोरेटर दोन्ही नसल्याने असे फटाके क्वचितच वाजतात, तिथे धुराचा रंग बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही येणारा पांढरा धूर बहुधा डिझेल न जळताच बाहेर पडत असल्याचे सांगतो. धूर नाही आणि ताकदही नाही, अशी स्थिती असेल तर डिझेल फिल्टर, फीड पंप आणि पाइपात शिरलेली हवा यांपासून सुरुवात करतात.

या सगळ्यात एका वेळी एकच बदल करण्याचे पथ्य पाळावे लागते. प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर एकाच दिवशी बदलले, तर ट्रक सुधारूनही रोग कोणता होता ते कळत नाही, आणि बिघडला तर गोंधळ दुप्पट होतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर इंजिन पूर्ण तापवून, तोच भार आणि तोच गिअर ठेवून ट्रक त्याच चढावर पुन्हा न्यावा. जिथे तो आधी दम टाकत होता तिथे आवाज न करता चढून गेला, की निदान पक्के झाले.